बचावाच्या बाकावरून फिर्यादीच्या बाकावर: ढाक्यातलं युद्धगुन्ह्यांचं कोर्ट समजून घेताना

१७ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यातल्या एका न्यायाधिकरणाने बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीना यांना २०२४ च्या विद्यार्थी आंदोलनातल्या हत्यांबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. हसीना तेव्हा भारतात होत्या. त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत एकच प्रश्न गाजला: भारत त्यांना परत पाठवणार का? त्या गलबल्यात दोन गोष्टी मागे पडल्या. पहिली, हे न्यायाधिकरण हसीना यांच्याच सरकारने १९७१ च्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी २०१० साली उभं केलं होतं. दुसरी, त्यांच्याविरुद्ध खटला चालवणारे मुख्य सरकारी वकील मोहम्मद ताजुल इस्लाम हे त्याच न्यायाधिकरणात अनेक वर्षं आरोपींच्या बाजूने लढले होते. ज्या आरोपींना हसीना यांचं सरकार फासावर चढवू पाहत होतं, त्यांच्या बाजूने.

कोर्ट तेच, कायदा तोच, वकीलही तोच, फक्त बाजू उलटी. हे कसं झालं ते नीट उलगडलं तर बांगलादेशचा गेल्या पन्नास वर्षांचा गुंता बराचसा सुटतो, म्हणून हा लेख.

नाव आंतरराष्ट्रीय, कोर्ट घरचंच

या कोर्टाचं पूर्ण नाव 'आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण'. नाव ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर हेग येतं, संयुक्त राष्ट्रं येतात. प्रत्यक्षात हे बांगलादेशच्या संसदेच्या कायद्याने स्थापन झालेलं, बांगलादेशी न्यायाधीशांचं, ढाक्यात जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत भरणारं कोर्ट आहे. आंतरराष्ट्रीय आहेत ते गुन्हे: वंशसंहार, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. यातल्या शेवटच्या शब्दाचा अर्थ एकदा सांगून ठेवतो, कारण पुढे तो सारखा येईल. एका माणसाने दुसऱ्याचा खून केला तर तो साधा खून. पण सामान्य नागरिकांवर व्यापक किंवा ठरवून हल्ला झाला आणि त्या हल्ल्याचा भाग म्हणून खून, बलात्कार, छळ झाले, तर तो मानवतेविरुद्धचा गुन्हा. त्यात गोळी झाडणाऱ्याइतकाच हुकूम देणाराही दोषी ठरतो. हाताखालची माणसं हे करताहेत हे ठाऊक असून ज्याने थांबवलं नाही, तोही.

मग हेगच्या आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी न्यायालयातच का नाही गेले? कारण ते न्यायालय १ जुलै २००२ नंतरचेच गुन्हे हाताळू शकतं, आणि बांगलादेश त्याचा सदस्य झाला २०१० मध्ये. १९७१ चे गुन्हे तिथे नेण्याची सोयच नव्हती.

कायदा कोणासाठी केला आणि लागला कोणाला

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. १६ डिसेंबरला शरणागती झाली. मधल्या नऊ महिन्यांत किती माणसं मारली गेली? बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाख आहे, काही अभ्यासक त्याहून खूप कमी धरतात. पण कमीत कमी आकडा धरला तरी तो अंगावर येतो. लष्कराच्या मदतीला स्थानिक टोळ्या होत्या: रझाकार, अल-बद्र, अल-शम्स. शरणागतीच्या दोन दिवस आधी, १४ डिसेंबरला, ढाक्यातले प्राध्यापक, डॉक्टर, पत्रकार घरांतून उचलून मारले गेले. जमात-ए-इस्लामी हा पक्ष तेव्हा पाकिस्तानच्या बाजूने उभा होता.

स्वतंत्र बांगलादेशने १९७३ साली या गुन्ह्यांसाठी खास कायदा केला. तेव्हा डोळ्यांसमोर होते ते युद्धकैद्यांतले १९५ पाकिस्तानी लष्करी अधिकारी. खटला सोपा जावा म्हणून राज्यघटनेतही दुरुस्ती झाली. या कायद्याखालच्या आरोपीला काही मूलभूत हक्क मिळणार नाहीत असं तीत लिहिलं गेलं. पूर्वलक्षी शिक्षेपासून संरक्षण नाही, स्वतंत्र आणि निःपक्ष कोर्टात खटला चालण्याचा घटनात्मक हक्क नाही, हक्कांसाठी सुप्रीम कोर्टात धाव घेण्याची मुभा नाही. शिवाय नेहमीचा पुरावा कायदा या कोर्टाला लागू नाही. वर्तमानपत्रातलं कात्रणही पुरावा म्हणून चालू शकतं.

परक्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना कशाला हवेत आमचे हक्क, असा तो विचार होता. त्या काळची जखम बघता तो समजण्यासारखाही आहे. पण १९७४ साली भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्यात दिल्लीत करार झाला आणि ते १९५ अधिकारी पाकिस्तानात परत गेले. कायदा मात्र पुस्तकात तसाच राहिला.

एखाद्या हाऊसिंग सोसायटीचं उदाहरण घ्या. एका त्रासदायक भाडेकरूला वठणीवर आणायला कमिटीने नियम केला, की थकबाकीदाराला सभेत बोलू द्यायचं नाही. भाडेकरू निघून गेला, नियम राहिला. काही वर्षांनी तोच नियम कमिटीने आपल्याला न आवडणाऱ्या सभासदांवर लावला. पुढे निवडणूक झाली, नवी कमिटी आली, तिने जुन्या सेक्रेटरीलाच थकबाकीदार ठरवलं. सेक्रेटरी बोलायला उभा राहिला, तर त्याच्यासमोर त्याच्याच सहीचा नियम ठेवला गेला. पुढची सगळी गोष्ट याच क्रमाने जाते.

मधली छत्तीस वर्षं

१५ ऑगस्ट १९७५ ला बांगलादेशचे संस्थापक आणि हसीना यांचे वडील शेख मुजीब यांची हत्या झाली. स्थानिक साथीदारांवर खटले चालवण्यासाठी वेगळा आदेश होता, तो त्याच वर्षाच्या अखेरीस रद्द झाला. जमातचे नेते परतले, राजकारणात रुळले, त्यांतले दोघे पुढे मंत्रीही झाले. ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली होती, त्यांना मारणारे लाल दिव्याच्या गाडीतून फिरताना दिसत होते. १९९२ साली जहानारा इमाम यांनी, ज्यांचा मुलगा मुक्तिसंग्रामात गेला होता, ढाक्यात लोकांचं प्रतीकात्मक न्यायालय भरवलं आणि जमातचे नेते गुलाम आझम यांना दोषी ठरवलं. सरकारने उलट त्यांच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला. त्या १९९४ साली वारल्या.

ही छत्तीस वर्षं ध्यानात ठेवली नाहीत तर पुढचा संताप कळत नाही. २००८ च्या निवडणुकीत हसीना यांच्या अवामी लीगने या खटल्यांचं वचन दिलं. २००९ मध्ये १९७३ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि लष्करी माणसांबरोबर साध्या नागरिकांवरही खटला चालवता येऊ लागला. २५ मार्च २०१० ला न्यायाधिकरण स्थापन झालं. पाकिस्तानी अधिकाऱ्यांसाठी घासून धारदार केलेला कायदा आता बांगलादेशी नागरिकांवर चालणार होता, आणि हक्क काढून घेणारी कलमं तशीच होती.

अशा आरोपीला वकील हवाच कशाला?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. कसाबचं वकीलपत्र कोणी घ्यावं का, यावर मुंबईत केवढं वादळ उठलं होतं. शेवटी कोर्टाने त्याला वकील दिला, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टातही दिला. कारण साधं आहे. सोन्याचा कस दगडावर घासूनच कळतो. पुराव्याचा कस उलटतपासणीत लागतो, आणि ती घ्यायला समोर कोणी नसेल तर आपल्या हाती उरतो तो नुसता आरोप.

ढाक्यात ही दगडाची भूमिका घेतलेल्या चमूचे प्रमुख होते बॅरिस्टर अब्दुर रज्जाक. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेले, सुप्रीम कोर्टात वकिली करणारे, आणि स्वतः जमातचे पदाधिकारी. म्हणजे ते तटस्थ नव्हते, आणि हे लपवण्याचं कारणही नाही. त्यांच्या हाताखालच्या तरुण वकिलांपैकी एक ताजुल इस्लाम. टोबी कॅडमन हे ब्रिटिश वकील बाहेरून सल्ला देत. २०११ साली कॅडमन ढाक्याला आले तेव्हा त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आलं.

या चमूच्या हरकती काय होत्या? कागदपत्रं मिळायला उशीर होतो. तयारीला वेळ नाही. फिर्यादीला हवे तितके साक्षीदार, आम्हाला मोजकेच. न्यायाधीशांच्या निःपक्षतेवर शंका घ्यायची सोय नाही. सुरुवातीला हे सगळं वेळकाढूपणासारखं वाटायचं, मलाही वाटलं होतं. पण २०१२ च्या शेवटी दोन गोष्टी घडल्या.

नोव्हेंबरमध्ये जमातचे नेते दिलावर हुसेन सईदी यांच्या खटल्यात एक साक्षीदार कोर्टात यायला निघाला. हा मूळचा फिर्यादी पक्षाचा साक्षीदार, हिंदू कुटुंबातला, १९७१ मध्ये भाऊ गमावलेला. तो आता बचावाच्या बाजूने साक्ष देणार होता. न्यायाधिकरणाच्या फाटकाशीच तो नाहीसा झाला. वकिलांनी सांगितलं, साध्या वेशातले पोलीस त्याला घेऊन गेले; सरकार म्हणालं, असं काही घडलंच नाही. काही महिन्यांनी तो सापडला तो कोलकात्याच्या दमदम तुरुंगात, सीमा ओलांडल्याच्या गुन्ह्याखाली.

डिसेंबरमध्ये न्यायाधिकरणाचे अध्यक्ष न्यायमूर्ती निजामुल हक यांची स्काइपवरची संभाषणं बाहेर आली. ब्रुसेल्समधल्या एका बांगलादेशी कायदेतज्ज्ञाशी ते खटल्यांबद्दल, निकालाच्या मांडणीबद्दल, सरकारच्या घाईबद्दल बोलत होते. ११ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. खटले मात्र जिथे होते तिथून पुढे चालू राहिले. नव्याने सुरुवात करा, ही बचावाची मागणी फेटाळली गेली.

निकालानंतर कायदा बदलला

या सगळ्यात वकील म्हणून सर्वांत जिव्हारी लागावी अशी घटना २०१३ ची. ५ फेब्रुवारीला जमातचे नेते अब्दुल कादेर मोल्ला यांना जन्मठेप झाली. ढाक्याच्या मीरपूर भागातल्या हत्यांमुळे लोक त्यांना 'मीरपूरचा कसाई' म्हणत. कोर्टातून बाहेर येताना त्यांनी बोटांनी विजयाची खूण केली आणि ढाका पेटलं. शाहबाग चौकात लाखो लोक जमले, त्यांत विशी-पंचविशीतली मुलं-मुली होती, जन्मठेप म्हणजे सरकार बदललं की सुटका, असं म्हणत. देशाचा इतिहास बघता त्यांची भीती खोटी नव्हती.

अडचण अशी की तेव्हाच्या कायद्यात सरकारला फक्त निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येत होतं. शिक्षा कमी पडली म्हणून अपील करता येत नव्हतं. बारा दिवसांत संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि तो मागील तारखेपासून लागू केला. सामना संपल्यावर नियम बदलून तोच सामना पुन्हा मोजायचा, असा हा प्रकार. १७ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या अपील विभागाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी दिली. ज्या आरोपावर फाशी झाली त्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच होती, घटनेच्या वेळी ती लहान मुलगी होती. १२ डिसेंबरला फेरविचार याचिका फेटाळली गेली आणि त्याच रात्री फाशी दिली गेली.

काही दिवसांतच अब्दुर रज्जाक देश सोडून लंडनला गेले आणि अकरा वर्षं परतले नाहीत. पुढे २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत आणखी पाच जणांना फाशी झाली, चार जमातचे नेते आणि एक बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टीचे.

'म्हणजे ७१ चं सगळं खोटं होतं?'

नाही. हे ठामपणे सांगायला हवं, कारण खटल्यातल्या चुका दाखवल्या की लगेच कोणीतरी म्हणतं, बघा, काही घडलंच नव्हतं.

कत्तली झाल्या. रायेरबाजारच्या विटांच्या भट्ट्यांपाशी हात बांधलेली प्रेतं सापडली. जमातने पाकिस्तानची बाजू घेतली होती हे पक्षाच्या तेव्हाच्या छापील शब्दांतच आहे. आणि याची सर्वांत वजनदार कबुली आली ती बचावाच्या प्रमुख वकिलाकडूनच. फेब्रुवारी २०१९ मध्ये रज्जाक यांनी लंडनहून जमातचा राजीनामा पाठवला. कारण दिलं ते असं, की १९७१ मधल्या भूमिकेबद्दल पक्षाने देशाची माफी मागावी आणि स्वतःत बदल करावा असं आपण वारंवार सांगितलं, पक्षाने ते केलं नाही.

मला या माणसाच्या कारकिर्दीतला हा क्षण सगळ्यांत मोलाचा वाटतो. 'या आरोपीविरुद्धचा हा आरोप या पुराव्याने सिद्ध झाला नाही' आणि 'पक्षाने तेव्हा चूक केली' ही दोन वाक्यं एकाच तोंडून प्रामाणिकपणे निघू शकतात. पहिलं कायद्याचं, दुसरं इतिहासाचं. कोर्टाला फक्त पहिल्याचं उत्तर द्यायचं असतं. न्यायाधिकरणात दुसऱ्याच्या जोरावर पहिलं उरकलं गेलं, ही बचावाची तक्रार होती.

जमातमधून बाहेर पडलेल्यांनी २०२० मध्ये 'आमार बांगलादेश पार्टी' काढली. ताजुल इस्लाम त्या पक्षात होते, रज्जाकही पुढे तिथे गेले.

खुर्ची बदलली

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात सरकारी नोकऱ्यांतल्या आरक्षणाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. मुक्तिसैनिकांच्या वारसांसाठीच्या ३० टक्के राखीव जागा हा मुद्दा होता. म्हणजे १९७१ इथेही होतंच. हसीना यांनी एका पत्रकार परिषदेत विचारलं, नोकऱ्या मुक्तिसैनिकांच्या नातवंडांना नाही तर रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या का? बांगलादेशात रझाकार ही सर्वांत घाण शिवी. विद्यापीठांतून रात्री मोर्चे निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानुसार १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४०० पर्यंत माणसं मारली गेली असावीत. ५ ऑगस्टला हसीना भारतात आल्या.

मुहम्मद युनूस यांच्या हंगामी सरकारने या हत्यांचे खटले त्याच न्यायाधिकरणात चालवायचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये मुख्य सरकारी वकील म्हणून ताजुल इस्लाम यांना नेमलं. विमानतळावरून परत पाठवलेले टोबी कॅडमन त्यांचे खास सल्लागार झाले. दुसऱ्या बाजूलाही उलथापालथ झाली. जुन्या न्यायाधिकरणात सरकारी वकील असलेल्या तुरीन अफरोज यांना हसीना सरकारनेच २०१९ मध्ये बडतर्फ केलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांना आंदोलनकाळातल्या एका गुन्ह्यात अटक झाली.

बाजू बदललेला वकील चालतो का?

तत्त्वतः चालतो. वकील हा पक्षकाराचा असतो, विचारसरणीचा नाही. आज बचाव करणारा उद्या सरकारी वकील होतो, हे जगभर घडतं आणि त्यात गैर काही नाही. उलट, उलटतपासणीची धार सोसलेला माणूस आरोपपत्र अधिक जपून लिहील अशी आशा असते.

बंधन दुसरं आहे. ज्याचं वकीलपत्र घेतलं, त्याच प्रकरणात त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं नाही. त्याने विश्वासाने सांगितलेलं त्याच्यावर उलटवायचं नाही. साध्या भाषेत, ज्या घराची किल्ली आपल्याकडे होती त्या घराच्या चोरीचा तपास आपण करायचा नाही. हसीना ताजुल यांच्या पक्षकार कधीच नव्हत्या, तेव्हा हे बंधन शब्दशः मोडत नाही. पण प्रश्न दोन ठिकाणी शिल्लक राहतो. एक, जुन्या आरोपींची काही अपिलं अजून चालू होती, आणि त्यांत सरकारच्या बाजूने जे कार्यालय उभं राहणार त्याचे प्रमुख आता त्याच आरोपींच्या चमूतले वकील होते. दोन, ज्यांच्या सरकारने आपल्या पक्षकारांना फाशी दिली त्यांच्यावर खटला चालवताना मन किती स्वच्छ राहील, ही शंका. तिचं उत्तर फक्त कामातून देता येतं.

मग कामात काय दिसलं? काही सुधारणा खऱ्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. गुन्ह्यांच्या व्याख्या आंतरराष्ट्रीय व्याख्यांच्या जवळ आणल्या गेल्या, माणसं गायब करण्याचा गुन्हा स्पष्टपणे घातला गेला, सुनावणीचं प्रक्षेपण करता येऊ लागलं. १ जून २०२५ ला हसीना यांच्याविरुद्धचे आरोप दाखल झाले ते देशभर टीव्हीवर थेट दिसले. स्काइप प्रकरणानंतर बंद दाराआड काय चालतं याची धास्ती घेतलेल्या देशात ही लहान गोष्ट नव्हे.

पण फाशीची तरतूद राहिली. आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची तरतूद राहिली. आणि घटनेतलं हक्क काढून घेणारं कलम, ज्यावर बचावाचे वकील वर्षानुवर्षं डोकं आपटत होते, तेही जागच्या जागी राहिलं.

हसीना यांचा खटला हा सूड होता का?

पुरावा नव्हता असं म्हणता येत नाही. प्राणघातक शस्त्रं वापरायला सांगणारा त्यांच्या आवाजातला फोन संवाद बीबीसीने तपासून प्रसिद्ध केला. माजी पोलीसप्रमुख चौधरी अब्दुल्ला अल मामून यांनी गुन्हा कबूल केला आणि ते माफीचे साक्षीदार झाले, त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. संयुक्त राष्ट्रांचा अहवाल तर न्यायाधिकरणाशी संबंध नसलेल्या माणसांनी लिहिलेला. हसीना आणि माजी गृहमंत्री असदुझ्झमान खान कमाल या दोघांना फाशीची शिक्षा झाली, दोघांच्याही गैरहजेरीत.

आक्षेप प्रक्रियेवर आहेत, आणि ते ओळखीचे आहेत. आरोप दाखल झाल्यापासून साडेपाच महिन्यांत निकाल. आरोपीने स्वतः न निवडलेला, सरकारी खर्चाने नेमलेला वकील. त्या वकिलाला पक्षकाराशी बोलून तिची बाजू समजून घेण्याची खरी संधी नाही. फाशीच्या शिक्षेला संयुक्त राष्ट्रांनी विरोध नोंदवला, मानवी हक्क संघटनांनी गैरहजेरीतल्या घाईवर बोट ठेवलं. ही यादी २०१३ सालच्या ताजुल इस्लाम यांच्यासमोर ठेवली असती, तर त्यांनी खाली सही केली असती.

'पण त्या स्वतःच पळून गेल्या, मग तक्रार कसली?' हा प्रश्न रास्त आहे. पळालेल्याने हजर राहण्याचा हक्क सोडला असं धरता येतं. पण पुरावा कसाला लावण्याची गरज आरोपी पळाला म्हणून संपत नाही. अनेक देशांत अशा आरोपीला सापडल्यावर पुन्हा खटला मागण्याचा हक्क असतो. इथे तीस दिवसांत अपील करायचं, आणि त्यासाठी आधी शरण यायचं, असा नियम आहे. शरण म्हणजे फाशीच्या कोठडीत.

भारताचं काय, हेही थोडक्यात. दोन्ही देशांत २०१३ पासून प्रत्यार्पण करार आहे. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी नकार देता येतो, पण खून त्यात मोडत नाही असं करारातच लिहिलंय. मात्र आरोप न्यायाच्या हेतूने, सद्भावनेने केलेला नाही असं वाटल्यासही नकार देण्याची वाट आहे. म्हणजे खटला जितका घाईचा, तितकं नकाराचं कारण भक्कम. ज्यांना हसीना परत हव्यात, त्यांनीच खरं तर बचावाला जास्तीत जास्त मोकळीक द्यायला हवी होती.

रंगपूर

२७ मे २०२५ ला बांगलादेशच्या सुप्रीम कोर्टाने जमातचे नेते ए.टी.एम. अझहरुल इस्लाम यांना निर्दोष सोडलं. त्यांना डिसेंबर २०१४ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती आणि २०१९ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने ती कायमही केली होती. फेरविचाराची सुनावणी लांबत गेली, म्हणून ते जिवंत राहिले. पाच वर्षांपूर्वी ती वेळेत झाली असती तर हा निकाल ऐकायला ते नसते. ज्यांच्या याचिका आधी निकाली निघाल्या, त्यांच्या बाबतीत आता कोणतंच कोर्ट काही करू शकत नाही.

अब्दुर रज्जाक डिसेंबर २०२४ मध्ये आजारी अवस्थेत ढाक्याला परतले होते. ४ मे २०२५ ला ते गेले, या निकालाच्या तेवीस दिवस आधी.

अझहरुल यांच्यावरचे आरोप रंगपूर भागातल्या हत्याकांडांचे होते. एप्रिल १९७१ मध्ये झाडुआरबिल परिसरात बाराशेच्या आसपास माणसं मारली गेल्याचा आरोप त्यांत होता. ती माणसं मारली गेली, यावर कोणाचा वाद नाही. पण चौपन्न वर्षांनी, एक खटला, एक फाशीची शिक्षा आणि एक सुटका झाल्यावर, कायद्याच्या लेखी त्या कुटुंबांना दोषी म्हणून दाखवायला हा माणूसही उरला नाही, आणि बाकीचे साक्षीदार म्हातारे झालेत किंवा गेलेत.

त्याच रंगपूरमध्ये १६ जुलै २०२४ ला अबू सईद हा विद्यार्थी विद्यापीठासमोर दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्या लागून पडला. त्याचा व्हिडिओ आपणही पाहिला असेल. त्याच्या हत्येचा खटला याच न्यायाधिकरणात उभा राहिला. एका बाजूला सरकारी वकील आणि दुसऱ्या बाजूला, पोलिसांचं वकीलपत्र घेतलेले बचावाचे वकील, साक्षीदारांच्या याद्या आणि तयारीला वेळ मागणारे अर्ज घेऊन.